हमीपत्र: रोजनिशीतली काही पाने

१२ मे २०२४, सेंट कॅथरिन्स
वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून आले. झोप नाही. पोर्टल उघडून बसले. कॅनडात कायम राहायच्या परवान्याचा, म्हणजे पीआरचा अर्ज. अर्जदार माझा नवरा वि., स्पॉन्सर मी. आयएमएम १३४४ माझा, ०००८ त्याचा, ५५३२ दोघांचा मिळून. तासगावात संध्याकाळचे सहा. लाईट गेलेली. व्हिडिओ कॉलवर वि.चा अर्धाच चेहरा दिसत होता.

१४ मे
५५३२ मधले प्रश्न. पहिल्यांदा कधी भेटलात. कुठे. ओळख कुणी करून दिली. लग्नाला किती लोक आले. जवळच्यांपैकी कोण आलं नाही, का आलं नाही.
वि.ला वाचून दाखवले. तो म्हणाला, "किती लोक? भावकी धरून का सोडून?"
आचाऱ्याला फोन करून नऊशे लिहिले.
कोण आलं नाही: माझा भाऊ. मस्कतहून सुट्टी मिळाली नाही त्याला. लिहिताना परत वाईट वाटलं.

१६ मे
नातं पुढे कसं वाढलं, हे सविस्तर लिहायचंय. आमचं काय सविस्तर? मिरजेला बघायचा कार्यक्रम. मोठ्यांनी आम्हाला गच्चीवर पाठवलं. तिथे त्यानं मला द्राक्षबागेवरचं कर्ज सांगितलं. सोसायटीचं किती, बँकेचं किती, कुठल्या वर्षी गारपिटीनं हप्ता चुकला. आधीच्या एकाही स्थळानं असं काही सांगितलं नव्हतं. पगार सांगायचे, फ्लॅट सांगायचे.
तेच लिहिलं. त्यावरून होकार दिला, हेही लिहिलं.

१९ मे
फोटो वीसच लावायचे. हळद, अक्षता, सप्तपदी, पंगत. एक बागेतला, दोघांचंही कॅमेऱ्याकडे लक्ष नसलेला. एकात आत्या डोळे पुसताहेत. सासूबाईंचा रडतानाचा फोटो परक्या अधिकाऱ्याला कशाला, असं वाटलं. ठेवला. लग्न लागलं तेव्हा त्या रडल्या होत्या.

२१ मे
लग्नपत्रिकेचं इंग्रजी भाषांतर आलं, सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र. नगरपरिषदेचा नोंदणी दाखला वि.नं तिसऱ्यांदा स्कॅन केला. शिक्का आता वाचता येतोय.

२६ मे
आज हमीपत्र वाचलं. सावकाश, दोनदा.
तो पीआर झाल्या दिवसापासून तीन वर्षं त्याच्या खाण्या-राहण्याची, कपड्यालत्त्याची जबाबदारी माझी. माझी नोकरी गेली तरी. घटस्फोट झाला तरी. या काळात त्यानं सरकारी मदत घेतली तर ते पैसे मी फेडायचे आणि फिटेपर्यंत दुसऱ्या कुणाला स्पॉन्सर करायचं नाही. नवऱ्या-बायकोसाठी उत्पन्नाची ठरावीक अट नाही. अट एवढीच, की आपण सांभाळू असं लिहून द्यायचं.
बाबा म्हणाले, "नीट वाच, मगच सही कर."
नीट वाचून सही केली. हात थांबला नाही. मला हे करायचंच होतं.
वि.ला कलम वाचून दाखवलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी कुणाच्या हमीवर कधी राहिलो नाही. सोसायटीत मीच चार जणांना जामीन आहे."

२ जून
अर्ज गेला. १,२०५ डॉलर. बायोमेट्रिकचे ८५ वेगळे. एप्रिलअखेर फी वाढली होती. वि.नं मनातल्या मनात रुपये केले असणार. विचारलं नाही.

१९ जून
पोचपावती आली. फाइलला नंबर मिळाला.
तिकडं पाऊस चांगला. काड्या पिकताहेत, म्हणाला.

११ जुलै
मिरजेहून महालक्ष्मीनं मुंबईला गेला. बायोमेट्रिक झालं. ठसे पुन्हा पुन्हा घ्यावे लागले. वर्षानुवर्षं कात्री आणि बोर्डो मिश्रण. बोटांच्या रेषा पुसट झाल्यात.
लग्नात हे हात हातात होते. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

३ ऑगस्ट
मेडिकल झालं. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. हे वर्षभर चालतं. म्हणजे व्हिसा कधीही येवो, पुढच्या ऑगस्टच्या आत त्यानं इथे उतरायला हवं. पोलिस पडताळणीही झाली. तासगाव ठाण्यातल्या हवालदारानं विचारलं म्हणे, "बाग कुणाला देणार?"

१७ ऑगस्ट
स्पॉन्सर म्हणून मी पात्र ठरले. फाइल पुढे सरकली. दिवसभर बरं वाटत होतं.

८ सप्टेंबर
तासगावचा रथ. तिकडं दुपार, इकडं पहाट. मी ब्रेकरूममध्ये कान झाकून बघत होते. गुलाल, शिंगं, दोराला हात लावायला झुंबड. वि.नं फोन पुतण्याकडे दिला आणि स्वतः दोर धरायला गेला. मग पुतण्याच्या हातातलं आभाळच दिसत राहिलं.
घंटी वाजली. चार नंबरच्या खोलीतल्या आजींना कुशीवर वळवायचं होतं.

१५ सप्टेंबर
फळछाटणी झाली. डोळ्यांना पेस्ट लावली. आता पाऊस नको.

२२ सप्टेंबर
चार नंबरच्या आजी नव्याण्णव वर्षांच्या. १९४६ मध्ये इंग्लंडहून बोटीनं आल्या, हॅलिफॅक्सच्या पिअर २१ वर उतरल्या. नवरा कॅनडाचा शिपाई. लढाईत तिकडं गेला, तिथे लग्न केलं. अशा चाळीस हजारांहून जास्त बायका युरोपातून आल्या. त्यांना आणायचा खर्च सरकारनं केला. बोटीवर तान्ही मुलं होती, दुधाची सोय होती, नर्स होत्या.
आजी रोज रात्री विचारतात, "तुझा नवरा आला का?" रोज सांगते, अजून नाही. काल म्हणाल्या, "स्टेशनवर मला माझा ओळखूच आला नाही. गणवेशातच पाहिला होता ना."
घरी येऊन लग्नाचे फोटो पाहिले. प्रत्येकात फेटा. बाकी मी त्याला पाहिलाय तो बागेतल्या शर्टात. थंडीच्या कोटात, टोपीत, इथल्या बसथांब्यावर कसा दिसेल, डोळ्यांसमोर येईना.

६ ऑक्टोबर
सुट्टी. नायगारा-ऑन-द-लेकला बागांमधून चालले. त्याला व्हिडिओ कॉल केला. विदाल, रीस्लिंग. काही ठिकाणी काढणी चालू होती.
ओळीतलं अंतर विचारलं. पावलांनी मोजून सांगितलं. तारा किती? खांब लाकडी का लोखंडी? ठिबक दिसतंय का? बऱ्याच बागांना पावसाचंच पाणी पुरतं, म्हटलं. उलट जास्तीचं पाणी काढायला जमिनीखाली पाइप असतात. छाटणी वर्षातून एकदाच, थंडी सरता सरता. त्याला खरं वाटेना. आपल्याकडे एप्रिलला खरड, मग फळछाटणी, दोनदा छाटल्याशिवाय वेल फळ देतच नाही.
"मणी दाखव." दाखवले. "बारीक आहेत. खायची नव्हंत ही."
पहिल्यांदाच अर्जाबद्दल एक शब्द न बोलता एवढा वेळ बोललो.

१४ ऑक्टोबर
थँक्सगिव्हिंग. बातम्या लावल्या आणि जेवण तसंच राहिलं. भारत-कॅनडानं एकमेकांच्या सहा-सहा अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितलं. गेल्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाचे ४१ जण परत आले, तेव्हा मुंबई, चंडीगड, बंगळूरच्या कचेऱ्यांतली समोरासमोरची कामं थांबली होती. आता आमची फाइल कुणाच्या टेबलावर असेल?
ओळखीच्या हरप्रीतताईंना फोन केला. त्यांच्या घरातले लोक शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिश कोलंबियात लाकडाच्या गिरणीत होते. म्हणाल्या, "१९१९ पर्यंत आपल्या माणसांना बायको आणायची परवानगीच नव्हती. पंधरा-पंधरा वर्षं थांबलेत लोक. तू खा आधी."

१७ ऑक्टोबर
तिकडं परतीचा पाऊस. घड दिसायला लागले आणि पाऊस. पानाखाली दावण्याचा रोग. ट्रॅक्टर चिखलात जात नाही, पाठीवर पंप घेऊन फवारतोय. फोन नाही. एकच मेसेज: उद्या बोलू.

१८ ऑक्टोबर
बोललो नाही.

२४ ऑक्टोबर
सरकारनं पुढच्या वर्षीचे आकडे कमी केले. पाच लाखांऐवजी ३,९५,००० पीआर. त्यात नवरा-बायको-मुलांसाठी ७०,०००.
सत्तर हजारांतला एक.

१ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. पणत्या खिडकीत लावल्या, बाहेर चालत नाहीत. फोनवर सगळं घर. सगळ्यांचा एकच प्रश्न, वि. कधी जाणार.
नंतर तो एकटा बोलला. घड जिरलेत, तिसरा हिस्सा तरी गेला. मग म्हणाला, "मी कधी जाणार, हे सगळे विचारतात. तू परत कधी येणार, हे एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा नाही."
मी म्हटलं, विचार. त्यानं विचारलं नाही.

२ नोव्हेंबर
विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? इथे मी कुणाची मुलगी, कुणाची सून नाही. रात्री अकराला एकटी बसनं कामावर जाते, कुणी बघत नाही. पहिल्या हिवाळ्यात रडायचे. आता हे हातपाय पसरून राहणं सोडवत नाही. हे त्याला अजून सांगितलेलं नाही. ५५३२ मध्ये यासाठी रकाना नाही.

२० नोव्हेंबर
तासगावात मतदान. वि.नं शाईच्या बोटाचा फोटो पाठवला. पुसट रेषांचं तेच बोट.

१ डिसेंबर
व्हर्जिल गावातल्या दुकानापाशी बाकावर एक जमैकन भेटला. खोके बांधत होता. घरी न्यायचं सामान: साबण, बूट, मुलीसाठी टॅब्लेट. सतरा वर्षं येतोय. दर वर्षी जास्तीत जास्त आठ महिने. १५ डिसेंबरच्या आत परत. हंगामी शेतमजुरांची ही योजना १९६६ ची, जमैकापासूनच सुरू झाली, मेक्सिको १९७४ मध्ये आला. त्याची बायको आणि तीन मुलं तिकडं. इथली प्रत्येक ओळ त्याला माहीत. कुठल्या बागेत पाणी साचतं, कुठला मालक वेळेवर पैसे देतो.
मी सांगितलं, नवऱ्याला बोलावतेय, त्याचीही द्राक्षबाग आहे. तो खूश झाला. मग विचारलं, "तो पीआर होणार? आल्या दिवसापासून?"
हो म्हणाले.
"छान," म्हणाला. खोक्याची दोरी ओढत राहिला.
सतरा वर्षं या मातीत राबून त्याला जे मिळत नाही, ते माझ्या एका सहीनं वि.ला मिळणार. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. आणि याच नियमाच्या आधारानं मी वर्षभर दिवस काढतेय.

३ जानेवारी २०२५
आई-वडिलांसाठीचे नवे अर्ज यंदा तूर्त घेणार नाहीत, अशी बातमी. वि.नं लगेच विचारलं, "आत्यांचं... म्हणजे आईचं काय मग?" माझं ऐकून तोही आत्या म्हणायला लागलाय. सुपर व्हिसा आहे, म्हटलं, एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येतं, विमा लागतो. आत्या मागून म्हणाल्या, "मी काय करू तिथं बसून."

२१ जानेवारी
आइसवाइनची तोडणी. उणे आठ किंवा त्याखाली गेल्याशिवाय तोडायचीच नाहीत. रात्री दिवे लावून, गोठलेले घड. व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर: हात कसे चालतात माणसांचे?

९ फेब्रुवारी, तासगाव
कालच आले. आज बेदाण्याच्या शेडवर. यंदा माल कमी, दर बरा मिळेल म्हणतात. घड डिपिंग ऑइलमधून काढून जाळीवर पसरतात, वाळायला पंधरवडा. मग गंधकाची धुरी, म्हणजे रंग हिरवा धरतो. बायका निवडायला बसल्या होत्या. मीही बसले. पहिल्या तासात कंबर गेली. देठ मोडायचा, मणी फुटू द्यायचा नाही. त्या गप्पा मारत निवडतात, बघतसुद्धा नाहीत.
वि. शेडमध्ये निराळाच माणूस असतो. आवाज चढवत नाही, पण सगळ्यांना ऐकू जातं. एक मणी चावून ओल किती ते सांगतो. व्यापारी त्याला दादा म्हणतात. तिकडं त्याला असं कोण म्हणणार?
रात्री गच्चीवर त्याला सगळं सांगितलं. मला इथे परत राहायला यायचं नाही, हेही. दिवाळीपासून पोटात होतं. तो म्हणाला, "मला ठाऊक होतं. गच्चीवर मी कर्ज सांगितलं, तेव्हा तूबी सांगायचंस." रागानं नाही म्हणाला.

१२ फेब्रुवारी
आत्या भाकरी थापत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "न्यायचं तर ने बाई. मी अडवणार न्हाई. पर किती वरसासाठी, कवा कवा येणार, ते सांगून ने. पोरगा गेला म्हणत बसाय मला जमायचं न्हाई."
काय सांगणार?

१६ फेब्रुवारी
जुनी बाग काढायची ठरली. खोडं थकलीत, पाऊस-दावण्यानं तिचा खर्चही निघत नाही. नवी चुलतभावाला वाट्यानं. धाकटा दीर चाकणला, त्याला शेती नको. वि. कागदावर हिशेब मांडत होता, मी बघत होते. या कागदाच्या खाली कुठेतरी माझी सही आहे.

३० मार्च, सेंट कॅथरिन्स
पाडवा. गुढीसाठी काठी नाही. मॉपचा दांडा धुऊन घेतला, साडी नेसवली.

१६ एप्रिल
पासपोर्ट मागवला! खरड छाटणीत होता, हातात कात्री, तिथेच मेल वाचला. चुलतभावाला दाखवला, मग आत्यांना, मग मला फोन. या क्रमाचा मला राग आला नाही.

१९ मे
व्हिसा लागला. पीआरचा कागद आला. २ ऑगस्टच्या आत उतरायचं. मेडिकलचं वर्ष.

२५ मे
आज त्यानं माझ्या आधी नियम वाचलाय. "पाच वर्षांत ७३० दिवस तिथं राहिलं की पीआर टिकतं. बरोबर?"
बरोबर.
"म्हणजे दर साल फळछाटणीला येता येईल. काढणीलाबी."
मी हिशेब केला. येता येतं. कायद्यानं येतंच. मी वर्षभर एकत्र राहण्यासाठी कागद गोळा करत होते, त्यानं पहिल्याच आठवड्यात जायचे दिवस मोजले. राग आला. रात्रपाळीत राग मावळला. तो मला सोडून जायचे दिवस मोजत नाहीय. आत्यांना काय सांगायचं, ते शोधतोय.
सकाळी फोन करून म्हटलं, चालेल. पण काढणीला नाही, नोकरी धरायला वेळ दे. फळछाटणीला जाऊ. दोघं.

८ जुलै
वि. पीअरसन विमानतळावर आला. अधिकाऱ्यानं कागदावर सही घेतली, पत्ता विचारला, स्वागत केलं. हमीची तीन वर्षं आजपासून. ओळखू आला. केस फार बारीक कापलेत.

९ जुलै
कामासाठी लागणारा सिन नंबर काढला. बँक. बसचा पास. दुपारी तो चार तास झोपला, मी ड्युटीला गेले. चार नंबरची खोली रिकामी आहे. आजी मेमध्येच गेल्या. आजही पाय तिकडं वळले, आला म्हणून सांगायला.

१५ जुलै
एका बागेत काम आहे, ऑगस्टपासून. मुकादम मेक्सिकन. वि.ला इंग्रजी तोकडं, मुकादमालाही. वि.नं वेल हातात घेऊन काडी कुठे कापायची ते दाखवलं म्हणे, मुकादमानं मान हलवली.

२० जुलै
पीआर कार्ड पोस्टानं येईल, त्याशिवाय परतीच्या विमानात बसणं अवघड. सप्टेंबरअखेर आलं तर ऑक्टोबरात जाता येईल. गेल्या वर्षीचा अनुभव बघून चुलतभाऊही यंदा उशिरा छाटायचं म्हणतोय. नव्या मालकाला वि.नं पहिल्याच भेटीत सांगितलं, ऑक्टोबरात मला जायचंय. इथे तेव्हा काढणी. मालक म्हणाला, बघू. मी रजेचा अर्ज दिला.
आत्यांना फोन केला. ४ ऑक्टोबरला येतो, १९ ला निघतो, म्हटलं. पुतणीला हाक मारून त्यांनी कॅलेंडरवर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "चार तारखेला अजून पाऊस असतोय. आठ दिस म्होरं ढकला, काय तिकीट बदलतंय का बघा."